नीडहॅम की सिव्हिन: चिनी विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास कोठून सुरू करावा?

तत्त्वज्ञान, इतिहास आणि निसर्गविज्ञान या तिन्हींत रस असलेला विद्यार्थी जेव्हा प्राचीन चीनकडे वळतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन मोठ्या वाटा असतात. एक वाट जोसेफ नीडहॅम यांनी घालून दिली आणि दुसरी नेथन सिव्हिन यांनी. दोन्हींना आयुष्याची कित्येक वर्षे द्यावी लागतात, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने कोणत्या वाटेवर घालवायचे हा निर्णय क्षुल्लक नाही. संस्कृत किंवा पंचांगगणिताची थोडीफार ओळख असलेला मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवून मी ही तुलना करतो आहे.

नीडहॅम (१९००–१९९५) हे मूळचे केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३७ साली मूळच्या नानजिंगच्या लू ग्वेजेन संशोधनासाठी केंब्रिजला आल्या, त्यांच्याकडून नीडहॅम चिनी शिकले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चोंगछिंगला राहून त्यांनी ग्रंथांचा मोठा संग्रह जमवला. त्यातून ‘सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना’ हा ग्रंथराज उभा राहिला. पहिला खंड १९५४ साली निघाला आणि आज सात खंडांचे मिळून वीसहून अधिक भाग झाले आहेत. दुसरा खंड वैज्ञानिक विचाराचा, तिसरा गणित आणि खगोलाचा, पुढे यंत्रे, जहाजे, कागद, बारूद, शेती असा हा पसारा आहे. एखादा शोध चीनमध्ये कोणत्या शतकात आढळतो आणि कोणत्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, हे शोधायचे असेल तर आजही पहिल्यांदा हेच खंड उघडावे लागतात.

या पद्धतीचे बळ एका उदाहरणात नीट दिसते. उत्तर सोंग राजवटीतील अधिकारी सू सोंग याने ११व्या शतकाच्या अखेरीस राजधानी काइफंगमध्ये सुमारे १२ मीटर उंचीचा खगोलीय घड्याळ-मनोरा उभारला. पाण्याने भरणाऱ्या पळ्यांचे एक मोठे चाक त्याच्या पोटात होते. पळी भरेपर्यंत चाक अडून राही, भरताच अडसर सुटे, चाक एक घर पुढे सरके आणि पुन्हा अडे. या थांबत-थांबत जाणाऱ्या गतीवरच आकाशगोल फिरत असे आणि वेळ सांगणाऱ्या बाहुल्या दारांतून बाहेर येत. सू सोंगने यंत्राच्या भागांची चित्रे व नावे देणारे पुस्तक लिहून ठेवले होते. नीडहॅम, वांग लिंग आणि डेरेक प्राइस यांनी त्यातला प्रत्येक शब्द यंत्राच्या एकेका भागाशी जुळवून १९६० साली हे सारे मांडले. ही जुळणी करायला ग्रंथ वाचणारा हवा, तसाच यंत्र समजणाराही हवा, आणि नीडहॅम यांच्याभोवती असे दोन्ही प्रकारचे लोक जमले होते.

मात्र त्यांच्या वाटेवरून जाताना दोन ठिकाणी जपावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे त्यांचा सुप्रसिद्ध प्रश्न: आधुनिक विज्ञान युरोपातच का जन्मले, चीनमध्ये किंवा भारतात का नाही? या प्रश्नाने संपूर्ण विषय उभा केला हे खरे, पण जे घडले नाही त्याची कारणे शोधता शोधता जे घडले ते नजरेआड होते. दुसरे ठिकाण ताओवादाचे, म्हणजे निसर्गाच्या ओघाशी जुळवून घ्यायला सांगणाऱ्या चिनी विचारधारेचे. निसर्गाकडे पाहण्याची ओढ ताओवाद्यांत होती आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेला केवळ समाजव्यवहाराशी कर्तव्य होते, असे चित्र त्यांच्या दुसऱ्या खंडातून उभे राहते. पण खुद्द सू सोंग हा परीक्षा उत्तीर्ण झालेला दरबारी अधिकारी होता, आणि चुंबकसूची नेमकी दक्षिणेकडे न राहता किंचित पूर्वेकडे कलते हे नोंदवणारा शन ख्वो (१०३१–१०९५) हादेखील राज्यकारभारातलाच माणूस होता.

नेमक्या याच दोन मुद्द्यांवर सिव्हिन (१९३१–२०२२) यांनी बोट ठेवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या या अभ्यासकाने दाखवून दिले की ‘ताओवादी’ हा शब्द इतक्या वेगवेगळ्या लोकांना लावला जातो की त्यातून कारणमीमांसा निघत नाही. ‘विज्ञानक्रांती चीनमध्ये का झाली नाही’ हा प्रश्न त्यांना आजच्या वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर आपले नाव का छापले गेले नाही असे विचारण्यासारखा वाटे. त्यांची स्वतःची रीत अशी की एकच ग्रंथ घ्यायचा, तो पूर्ण भाषांतरित करायचा, त्यातली गणिते करून पाहायची, आणि तो कोणी, कोणाच्या पैशाने, कोणत्या राजकीय गरजेपोटी लिहिला हेही त्याच दमात सांगायचे.

२००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘ग्रँटिंग द सीझन्स’ हा या रीतीचा उत्तम नमुना. त्याचा विषय आहे चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या आज्ञेने तयार झालेली १२८० सालची पंचांगाची गणनापद्धती, ‘शौशी ली’. गुओ शौजिंग, वांग शुन, शू हंग अशी माणसे त्या कामावर होती. परंपरेतली सावली मोजण्याची काठी आठ चिनी फुटांची असे. गुओ शौजिंगने ती चाळीस फुटांवर नेली, म्हणजे सावली पाचपट लांब झाली आणि मोजणीतली चूक तेवढ्या प्रमाणात घटली. पण उंच काठीच्या टोकाची सावली फिकट आणि पसरट पडते. म्हणून टोकाशी एक आडवी दांडी बसवली आणि खाली मोजपट्टीवर बारीक छिद्राचा तांब्याचा पत्रा सरकवण्याची सोय केली. छिद्रातून सूर्याचे तांदळाच्या दाण्याएवढे प्रतिबिंब खाली पडे, आणि दांडीची केसासारखी रेघ त्या प्रतिबिंबाला बरोबर मधोमध छेदेल तेथे माप घेतले जाई. हनान प्रांतातील गाओचंग येथे त्या वेधशाळेची इमारत आणि जमिनीवरची सुमारे ३१ मीटरांची दगडी मोजपट्टी आजही उभी आहे. या पद्धतीत वर्षाची लांबी ३६५.२४२५ दिवस धरली आहे, आणि तीनशे वर्षांनी, १५८२ साली, युरोपात लागू झालेल्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेतही हाच आकडा आहे.

मराठी वाचकाला या ग्रंथात पाय रोवायला आयती जागा मिळते. जुन्या चिनी पद्धती सर्व ग्रह एकत्र होते अशा अतिप्राचीन आरंभापासून गणित सुरू करीत. ‘शौशी ली’ने ते ओझे टाकून दिले आणि १२८०च्या दक्षिणायनान्त बिंदूपासून (हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापासून) गणित मांडले. अतिप्राचीन आरंभापासून गणित करणारे सिद्धान्तग्रंथ आणि जवळच्या वर्षापासून गणित करणारे करणग्रंथ यांतला भेद ज्याला माहीत आहे, ज्याने मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शके १४४२ पासून गणित धरणारा ‘ग्रहलाघव’ पाहिला आहे, त्याला हे पाऊल का उचलले असेल हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही. चिनी अधिकमासाचा नियमही परिचयाचा वाटेल: ज्या चांद्रमासात सूर्याची मुख्य बारांपैकी एकही संधी पडत नाही तो अधिक. आपल्याकडे संक्रांत न पडणारा महिना अधिक धरतात. फरक इतकाच की त्यांची संधी सायन (ऋतूंना धरून) आहे आणि आपली संक्रांत निरयन (ताऱ्यांना धरून). शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली मराठीत लिहिलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’वर ज्याची बैठक तयार झाली आहे, तो सिव्हिन यांच्या तक्त्यांतून इंग्रजी वाचकापेक्षा सहज वाट काढील असे मला मनापासून वाटते.

व्यवहाराच्या अंगाने पाहता नीडहॅम वाचायला चिनी येण्याची गरज नाही. कॉलिन रोनन यांनी केलेली पाच खंडांची संक्षिप्त आवृत्तीही आहे. सिव्हिन यांची वाट मात्र अभिजात चिनीशिवाय अर्ध्यावर थांबते, आणि अभिजात चिनी म्हणजे आज बोलली जाणारी मँडरिन नव्हे. आधुनिक चिनीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यालाही तिच्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागतो. आणखी एक बारीक अडचण लिप्यंतराची. नीडहॅम यांनी महाप्राण दाखवायला ‘एच’ वाढवण्याची स्वतःची पद्धत वापरली, तर आजचे लेखन पिनयिन या चिनीच्या अधिकृत रोमन लेखनपद्धतीत होते, म्हणून एकच शब्द दोन ग्रंथांत दोन रूपांत भेटतो आणि सूचीत सापडत नाही. देवनागरी वाचणाऱ्याला निदान उच्चार तरी नीडहॅमकडून बरा कळतो, कारण त्यांनी लिहिलेला प्राणवाचक शब्द सरळ ‘छी’ असाच वाचता येतो.

ज्याचा ओढा निखळ तत्त्वज्ञानाकडे आहे, त्याने या दोघांआधी ए. सी. ग्रेहॅम यांनी १९७८ साली मोहिस्ट (प्राचीन चिनी विचारवंत मोझीच्या अनुयायांच्या) तर्कशास्त्रावर केलेले काम पाहावे. अक्षरे गळालेल्या आणि पाने उलटसुलट झालेल्या त्या ग्रंथात व्याख्या, भूमिती आणि छिद्रातून उलट पडणारे प्रतिबिंब असे सारे शेजारीशेजारी आहे. ज्याला निखळ इतिहास हवा, त्याच्यासाठी बेंजामिन एल्मन यांचे छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीच्या काळावरील काम योग्य ठरेल. पाठचिकित्सा करणारे पंडित गणिताच्या जुन्या ग्रंथांकडे कसे वळले, आणि वस्तूंच्या मुळाशी जाण्याचा कन्फ्यूशियन परंपरेतला शब्द १९व्या शतकात निसर्गविज्ञानाचे नाव कसा झाला, हे तेथे कळते. तो शब्द सहज विज्ञानाकडे झुकणारा नव्हता. वांग यांगमिंग (१४७२–१५२९) तरुणपणी बांबूचे तत्त्व जाणण्यासाठी सात दिवस बांबूसमोर बसला आणि आजारी पडला.

वनस्पतिशास्त्र किंवा रसायनातून येणाऱ्यासाठी माझे मत निराळे आहे. त्याने नीडहॅम यांच्या पाचव्या आणि सहाव्या खंडांपासूनच आरंभ करावा, पण शब्दांवर विसंबू नये. गे होंगच्या चौथ्या शतकातील औषधसंग्रहात तापावर छिंगहाव ही वनस्पती मूठभर घेऊन, पाण्यात भिजवून, पिळून, रस पिण्यास सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेऊन तू योयो यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हाती आले. त्या कामाला २०१५ साली नोबेल मिळाले. आज मात्र चिनी वनस्पतिशास्त्रात छिंगहाव हे नाव दुसऱ्याच झाडाला दिलेले आहे.

इतर सर्वांना मी सिव्हिन यांची वाट सुचवीन आणि नीडहॅम यांचे खंड संदर्भासाठी हाताशी ठेवायला सांगेन. संस्कृत जाणणाऱ्याने तर एक विषय आधीच मनात धरावा. तांग राजधानी छांगआनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय कुळातील गौतम सिद्ध याने ७१८ साली ‘नवग्रह’ या नावाची भारतीय गणनापद्धती चिनीत आणली, आणि तीत ‘ज्या’ (साइन) या त्रिकोणमितीतील मूल्यांचा तक्ता तसेच शून्यासाठी बिंदूचे चिन्हही आहे. तिच्यातला कोणता भाग कोणत्या संस्कृत ग्रंथाशी जुळतो हे तपासायला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पु. वि. बापटांनी संपूर्ण रूपात केवळ चिनीत उरलेला ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून तो तुलनात्मक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला, तो नेमका अशाच तयारीच्या बळावर.