लॉफ्टमध्ये फोम मारून घेण्याआधी हे वाचा

इंग्लंडात जुन्या घरात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय, त्यातही ज्यांचे आईवडील इथे एकटे राहतात त्यांच्यासाठी. लॉफ्ट म्हणजे इथल्या घरांचा छपराखालचा पोटमाळा, आणि फोम म्हणजे घर उबदार राहावं म्हणून छपराला आतून फवारतात तो, फुगून घट्ट बसणारा थर.

माझे मावशी-काका निवृत्त आहेत. लेस्टरला १९३०च्या दशकातलं घर. "सरकारी योजनेतून लॉफ्टची मोफत तपासणी" असा फोन आला आणि लगोलग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस दारात हजर. शिडीवरून वर गेला, ओल मोजायचं यंत्र वाशात टोचलं आणि ते वाजायला लागल्यावर काकांना खालून हाक मारून दाखवलं. "लाकूड कुजतंय." ऐन जानेवारीची सकाळ! थंडीत लॉफ्टच्या लाकडाला दमटपणा धरतोच, हे त्याने सांगितलं नाही. खाली अंथरलेली ग्लासवूल (ऊब टिकवणारी, काचेच्या तंतूंची गादी) "आता चालत नाही" म्हणाला. धादांत खोटं. तीच २७० मिलिमीटर जाडीची अंथरा, असं इथे आजही सांगतात, आणि फोमच्या मानाने ती कितीतरी स्वस्त पडते.

"आज सही केलीत तर निम्म्या किमतीत." झालं. वाशांमध्ये, थेट कौलांच्या आतून फोम मारून गेले. हातात पंचवीस वर्षांच्या गॅरंटीचा कागद.

पुढे काकांच्या गुडघ्यांमुळे घर विकायला काढलं, तेव्हा खरं काय ते कळलं. गिऱ्हाईकाच्या बँकेचा सर्व्हेअर म्हणाला, वासे फोमखाली झाकलेत, लाकूड शाबूत आहे की नाही ते सांगता येत नाही. कर्ज नामंजूर. इथल्या बऱ्याच बँका असा फोम दिसला की मागे सरतात, कारण आत अडकलेल्या ओलीने लाकूड खरंच कुजू शकतं. म्हणजे जी भीती घालून फोम विकला, ती फोमनेच खरी होते! फोम हाताने खरवडून काढावा लागला, कौलं फुटली, आणि बसवण्यापेक्षा काढण्याचा खर्च जास्त झाला. कंपनी तोवर बंद पडलेली.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो त्यानंतरच्या फोनचा. "तुमच्याकडे फोम आहे ना? आम्ही काढून देतो, भरपाईही मिळवून देतो, फक्त आधी थोडी फी भरा." यादी कुठून मिळाली असेल? मावशीने फोन माझ्याकडे दिला म्हणून वाचलो.

घरी येऊन करून घेतलेला असा करार साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येतो, म्हणूनच त्यांना काम उरकायची घाई असते. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील आणि काम १०० ते ३०,००० पौंडांमधलं असेल, तर कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. काकांनी चेक दिला होता. आईवडिलांना आजच फोन करून विचारा, लॉफ्ट बघायला कुणी आलं होतं का.