नऊ महिन्यांनंतर: आधी ‘ट्रिम सायलेन्स’ बंद करा, मग ऐका

फोनचं चार्जिंग पोर्ट गेलं नसतं तर हे लिहायची वेळच आली नसती. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. मुलाखती ऐकायच्या ज्या अ‍ॅपबद्दल हे लिहितेय, ते मी नऊ महिने वापरतेय. रात्री झोपण्याआधी त्यावर मुलाखत ऐकायची सवय लागलेली, म्हणून त्याच खात्यानं लॅपटॉपवर लॉगिन केलं आणि समोर दिसली ती लावली. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग, १९५९, बीबीसीची ‘फेस टु फेस’ मालिका. ही मी फोनवर पाच-सहा महिन्यांपूर्वी ऐकलेली होती. झोप लागेपर्यंत चालू राहील एवढाच हेतू.

मुलाखतकार जॉन फ्रीमन विचारतात, आता तुम्ही देवावर विश्वास ठेवता का? युंग म्हणतात, ‘आता?’ आणि थांबतात. मला वाटलं नेट गेलं. हात पुढे केला तर खालची पट्टी सरकत होती. मग आवाज आला, उत्तर देणं कठीण आहे. आणि मग, मला माहीत आहे, मला विश्वास ठेवायची गरज नाही, मला माहीत आहे. फोनवर हेच सगळं एका दमात आलं होतं, पाठ करून आणल्यासारखं. मला ते उत्तर तेव्हा उद्धट वाटलं होतं आणि तसं मी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं. (या उत्तरावर इतकी चर्चा झाली की १९६० च्या जानेवारीत युंगनी ‘द लिसनर’ साप्ताहिकाला पत्र लिहून खुलासा केला.) लॅपटॉपवर तो माणूस उद्धट नव्हता. ऐंशी पार केलेला एक म्हातारा प्रश्न हातात घेऊन बघत होता.

फरक कशामुळे पडला हे कळायला दुसरा दिवस उजाडला. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये ‘ट्रिम सायलेन्स’, म्हणजे बोलण्यातली शांतता आपोआप कापणारी सोय, चालू होतं. लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये ती सोयच नाही.

बाकी अ‍ॅप कसं आहे, संग्रह किती मोठा, ऑफलाइन चालतं का, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. लेखक आणि राजकीय विचारवंतांच्या लांब मुलाखती एवढ्या संख्येनं एका जागी मिळतात, म्हणून मी पूर्ण वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. आणि पैसे भरले आहेत तर ते वसूल व्हायला हवेत, हा माझा स्वभाव. म्हणून पहिल्या आठवड्यातच वेग दीडपट केला. ट्रिम सायलेन्स आधीपासून चालूच होतं, ते तसंच राहू दिलं. अ‍ॅपमध्ये वाचलेला वेळ दाखवणारा एक आकडा असतो. तो वाढताना पाहून मला मनापासून समाधान वाटायचं. आठव्या महिन्याच्या शेवटी तिथे ४१ तास दिसत होते. त्यातले ३० वेगामुळे वाचलेले आणि ११ शांतता कापून.

ते अकरा तास आता मला खुपतात. हे काम कसं चालतं तेही सांगते. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला आणि तसाच थोडा वेळ राहिला की अ‍ॅप तेवढा तुकडा काढून टाकतं आणि दोन टोकं जोडतं. वक्ता पाणी पितोय, माईकमध्ये गडबड आहे, की आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलायला शब्द शोधतोय, यातलं त्याला काहीच कळत नाही. सगळं एकाच मापानं कापलं जातं. त्यात या संग्रहातल्या बऱ्याच मुलाखती टीव्हीसाठी झालेल्या, इथे त्यांचा नुसता आवाज आहे. ‘फेस टु फेस’मध्ये फ्रीमन कॅमेऱ्याकडे पाठ करून बसत आणि पडदाभर पाहुण्याचा चेहरा असे. पाहणाऱ्याला थांबलेला माणूस दिसायचा तरी. ऐकणाऱ्याकडे त्या थांबण्याची खूण म्हणजे फक्त शांतता, आणि नेमकी तीच कापलेली.

फोन परत आल्यावर पहिलं काम ते बटण बंद करण्याचं केलं आणि सुरुवातीपासून ऐकायला घेतलं. पहिली ज्यू राजकीय विचारवंत हॅना आरेन्ट यांची, ग्युंटर गाउस यांनी घेतलेली, २८ ऑक्टोबर १९६४ ला जर्मन टीव्हीवर दाखवलेली. मला जर्मन येत नाही. भाषांतर समोर ठेवून ऐकते, त्यामुळे कान शब्दांपेक्षा आवाजाच्या चढउतारावरच जास्त असतो. सुरुवातीलाच आरेन्टबाई गाउसना अडवतात. मी तत्त्वज्ञ नाही, माझा व्यवसाय म्हणायचाच तर तो राजकीय सिद्धांताचा. पुढे प्रभावाचा विषय निघतो तेव्हा म्हणतात, मला प्रभाव पाडायचा नाही, मला समजून घ्यायचं आहे. हे सगळं भरभर, सिगरेट ओढत, थोड्या मिश्कीलपणे. इथे कापण्यासारखं फारसं नव्हतंच, त्यामुळे फोनवरही हा भाग ठीक वाटला होता.

मग १९४३ चं वर्ष येतं. ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीची बातमी कळल्यावर आधी त्यांचा आणि त्यांच्या नवऱ्याचा विश्वास बसला नाही, कारण युद्धाच्या दृष्टीनं त्याची काही गरजच नव्हती. नंतर पुरावे आले. जणू पायाखाली दरी उघडली, असं त्या म्हणतात. हे व्हायला नको होतं. मी बळींच्या संख्येबद्दल बोलत नाही. आणि पुन्हा, हे व्हायला नको होतं. तेच वाक्य दोनदा. शांतता कापलेल्या आवृत्तीत ही पुनरुक्ती मला भाषणातल्या ठोसून सांगण्यासारखी वाटली होती. आता ऐकताना कळलं की त्या ठोसून काही सांगत नाहीयेत. त्या वाक्यापाशी येतात, पुढे जायचा प्रयत्न करतात, जमत नाही आणि परत तिथेच येतात. भाषांतराच्या कागदावर दोन्ही वाक्यं अगदी सारखी दिसतात.

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांचं तर त्याहून जास्त नुकसान झालं होतं. २४ मे १९६३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्याबरोबर वर्णभेदाच्या प्रश्नावर एक बैठक झाली. ती फिसकटली आणि बाल्डविन तिथून तडक मुलाखत घेणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांच्या स्टुडिओत आले. क्लार्क स्वतःही त्या बैठकीत होते. म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही त्याच खोलीतून तापून आलेले. क्लार्क घाई करत नाहीत. बाल्डविन एखादा शब्द उच्चारतात, थांबतात, तो शब्द योग्य आहे का हे जणू तपासतात आणि मग वाक्य पुरं करतात. मी निराशावादी असू शकत नाही, कारण मी जिवंत आहे, असं ते शेवटाकडे म्हणतात. माझ्या वहीत हे वाक्य ‘छान वाक्य’ म्हणून उतरवलेलं होतं. पुन्हा ऐकल्यावर मी ते शब्द खोडले, कारण हा माणूस नुकताच हताश होऊन आला आहे आणि तरी हे म्हणतो आहे, ते मला तेव्हा ऐकूच आलं नव्हतं.

म्हणून मी कस्टमर सपोर्टला लिहिलं. मागणी साधी होती. ट्रिम सायलेन्स प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळं ठेवता यावं, आणि मुलाखतींसाठी ते मुळात बंद असावं. पहिलं उत्तर यंत्रानं पाठवलेलं. दुसऱ्यात लिहिलं होतं की या सुविधेमुळे ऐकण्याचा अनुभव सुधारतो. तिसऱ्या मेलमध्ये मी युंग यांच्या मुलाखतीतली जागा मिनिट-सेकंदासह दिली, दोन्ही आवृत्त्या ऐकून बघा असं लिहिलं. त्यावर ‘तुमची सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं म्हणून तिकीट बंद केलं. दोन आठवड्यांनी अपडेट आलं आणि बटण आपोआप पुन्हा चालू झालं. ते लक्षात येईपर्यंत एक पूर्ण मुलाखत कापलेली ऐकून झाली होती. त्या दिवशी मी इतकी चिडले की अ‍ॅपच काढून टाकलं. संध्याकाळी परत घेतलं, कारण काही महिन्यांचे पैसे शिल्लक होते.

इथपर्यंतचं मी सातव्या-आठव्या महिन्यातल्या रागात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं.

सगळ्यांचं नुकसान होत नाही. त्याच ‘फेस टु फेस’मधले तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल, तेही १९५९ चेच. भावी पिढ्यांना काय सांगाल, असं विचारल्यावर ते दोन गोष्टी सांगतात, एक बौद्धिक आणि एक नैतिक. वस्तुस्थिती काय आहे तेवढंच बघा, आणि प्रेम शहाणपणाचं असतं, द्वेष मूर्खपणाचा. वाक्यं घडवलेली, क्रम ठरलेला. कापलेली आणि न कापलेली आवृत्ती मी लागोपाठ ऐकली, माझ्या कानाला काहीच गेलेलं वाटलं नाही. बाबासाहेबांची १९५३ ची बीबीसी मुलाखतही तशीच. भारतात लोकशाही चालेल का, या प्रश्नाला ते नाही म्हणतात आणि लगेच कारण सांगतात, इथली समाजरचना संसदीय लोकशाहीशी जुळणारीच नाही. ज्या प्रश्नावर माणसानं आयुष्य घातलं, त्याचं उत्तर द्यायला त्याला थांबावं लागत नाही. त्यामुळे थांबणारा तेवढा प्रामाणिक आणि न थांबणारा घोकून आलेला, असा जो समज मी मधल्या काळात करून घेतला होता, तो चुकीचा होता.

दुसरं, शांतता मुळातच नको असलेले लेखकही आहेत. नाबोकोव प्रश्न आधी लेखी मागायचे आणि उत्तरंही लिहूनच द्यायचे. ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकाच्या मुलाखती, ज्यांची सुरुवात १९५३ मध्ये पहिल्याच अंकात कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्यापासून झाली, त्यातही लेखकाला मसुदा दाखवून दुरुस्त करू देण्याची पद्धत. तिथे हेमिंग्वे १९५८ मध्ये सांगतात की ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ या कादंबरीचं शेवटचं पान त्यांनी ३९ वेळा लिहिलं. अडचण काय होती असं विचारल्यावर उत्तर, शब्द बरोबर बसवणं. असा माणूस मुलाखतीतलं वाक्यही घासूनपुसूनच देणार, आणि त्याला तो हक्क आहे. म्हणजे काय कापायचं हे बोलणाऱ्यानं ठरवलं तर माझी तक्रार नाही. ते अ‍ॅपनं ठरवलं, बोलणाऱ्यालाही न विचारता आणि ऐकणाऱ्यालाही न सांगता, तिथे माझा आक्षेप आहे.

आणि तिसरं, ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स. ‘पॉलिटिक्स अँड लेटर्स’, १९७९. ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ या डाव्या नियतकालिकाच्या तिघांनी त्यांना बसवून त्यांच्याच पुस्तकांबद्दल एकेक करून विचारलं आणि त्याचं चारशेच्या वर पानांचं पुस्तक झालं. हे मी कागदावर वाचलं, तिथे शांततेचा प्रश्नच येत नाही. तरीही विल्यम्स कुठे अडतात ते कळतं, कारण विचारणारे सोडत नाहीत. तुम्ही त्या पुस्तकात असं म्हटलं होतं, मग नंतरच्या पुस्तकात तसं का, असं ते विचारतात. विल्यम्स कधी बाजू मांडतात, कधी तिथे माझं चुकलं असं सरळ कबूल करतात. थांबण्याचं जे काम आवाजात शांतता करते, ते इथे पुढचा प्रश्न करतो. हे वाचल्यावर मी संग्रहातल्या नव्या मुलाखती वेगळ्या कानांनी ऐकायला लागले. बऱ्याच नव्या मुलाखतींमध्ये पाहुणा श्वास घ्यायला थांबला की मुलाखतकार लगेच ‘अगदी बरोबर’ म्हणून पुढच्या प्रश्नावर जातो. तिथे ट्रिम सायलेन्स बंद ठेवूनही काही मिळत नाही, कारण कापायला शांतता शिल्लकच नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. ट्रान्सक्रिप्ट यंत्रानं केलेले आहेत आणि त्यात माणसांची नावं सर्रास चुकतात. शोध चांगला चालतो, विषयानुसार लावलेल्या याद्या टाकाऊ आहेत. बॅटरीबद्दल तक्रार नाही. डाउनलोड केलेल्या फाइल सबस्क्रिप्शन संपलं की उघडत नाहीत, हे घेण्याआधी लक्षात घ्या. वेगाचं म्हणाल तर मी आता एकपटच ठेवते. बातम्यांसाठी अजूनही दीडपट आणि ट्रिम सायलेन्स, तिथे त्याचा उपयोग आहे आणि तो मी नाकारत नाही. फक्त त्यासाठी दुसरं, फुकटचं अ‍ॅप वापरते, कारण यात एक बटण दोन्हीकडे लागू होतं.

सबस्क्रिप्शन संपायला अकरा आठवडे आहेत. एकपट वेगानं, रोज एक तास धरून हिशोब केला, तर आधी कापून ऐकलेल्या सगळ्या मुलाखती तोपर्यंत पुन्हा ऐकून होत नाहीत. म्हणून यादी लावली आहे आणि ज्यांच्याबद्दल वहीत कडक शेरे लिहिले होते त्यांना वर घेतलं आहे. आज फ्रेंच विचारवंत फूको आणि अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की, १९७१, डच टीव्ही. दोघं आपापल्या भाषेत बोलतात. चॉम्स्कींच्या पुढे माझ्या वहीत ‘थंड’ असा एक शब्द आहे. लावण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन बटण बघितलं, कारण काल रात्री पुन्हा अपडेट आलं होतं. चालूच होतं. बंद केलं.