‘कस्टम’ बॉक्सच्या नावाखाली डिकीत काय बसवतात

गाडीत बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, वाढवायला डिकीत बॉक्समध्ये बसवतात तो मोठा स्पीकर म्हणजे वूफर. दुकानात तो ऐकवतात डिकी उघडी ठेवून. फसवणूक तिथूनच सुरू होते. उघड्या डिकीसमोर उभ्या माणसाला 12 इंची वूफर दणदणीत वाटणारच. ऐकायला हवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून, काचा वर आणि डिकी बंद करून. सेडानमध्ये मागची सीट आणि पार्सल ट्रे मिळून डिकी आणि केबिनमध्ये भिंतच उभी करतात. त्यामुळे बास डिकीत घुमतो, आणि पुढे बसलेल्याला ऐकू येते ती थडथडणारी नंबरप्लेट.

आठवड्याने गिऱ्हाईक तक्रार घेऊन जातं तेव्हा उत्तर तयार असतं: “अ‍ॅम्प कमी पडतोय साहेब, मोठा टाकू.” अ‍ॅम्प म्हणजे वूफरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर. ही दुसरी विक्री. दोष बहुतेकदा जागेचा असतो. बॉक्स सीटला टेकवून वूफरचं तोंड मागे केलं आणि डिकीचा मागचा पत्रा वूफरपासून मीटरभर अंतरावर असला, तर पत्र्यावर आपटून परतणारी लहर दोन मीटर जास्त फिरून येते. 85 हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 4 मीटर. म्हणजे परतलेली लहर बरोबर अर्धी मागे पडते आणि थेट लहरीला खाते. दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प लावला तर दोन्ही लहरी सारख्याच वाढतात. आवाजातला खड्डा तिथेच राहतो.

म्हणून स्क्रू मारण्याआधी वूफरला 3-4 मीटर मोकळी वायर जोडून घ्या. बॉक्स एकदा डिकीच्या दाराजवळ, तोंड मागे. एकदा सीटला टेकवून, तोंड वर. आणि सीटमध्ये आर्मरेस्टमागची खिडकी असेल तर तोंड तिच्याकडे, कडेच्या फटी फोमने बंद करून. प्रत्येक जागी 40, 50, 63 आणि 80 हर्ट्झचे टोन वाजवा. वूफरच्या प्लस-मायनस वायरी उलटवूनही ऐका; 80 ला ज्या जोडणीत बास भरतो ती ठेवा. अर्ध्या तासाचं, फुकटचं काम. “बॉक्स त्याच जागेसाठी बनवलाय, हलवता येत नाही” असं कुणी म्हणालं, तर तो आधीच बनवून ठेवलेला रेडिमेड बॉक्स असण्याची शक्यता धरा. वरचं कार्पेट तेवढं नवं.

मापातली लबाडी तर दिवसाढवळ्या चालते. 36 × 36 × 30 सेंमीचा बॉक्स “39 लिटर” म्हणून खपवतात, कारण माप बाहेरून घेतलेलं. 18 मिमी एमडीएफची (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीची) जाडी सहा बाजूंनी वजा केली की आत उरतात 27.7 लिटर; वूफरचं चुंबक आणि बास्केट (सांगाडा) आणखी दोनेक लिटर खातात. वूफरसोबतच्या कागदावर कंपनीने निव्वळ आकारमान दिलेलं असतं, त्याच्याशी हा आकडा ताडा. फायबरच्या वाकड्यातिकड्या बॉक्सला टेप लागत नाही. तिथे वूफर बसवण्याआधी आत चुरमुरे भरा आणि लिटरच्या मापाने मोजत बाहेर काढा. हसतील, हसू द्या.

एमडीएफऐवजी पार्टिकल बोर्ड वापरलाय का ते वूफरच्या भोकाच्या कडेला दिसतं: भुसा दाबल्यासारखे दाणे असतील तर नको. त्यात स्क्रू धरत नाही आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो फुगतो. उघड्या कडांचा एमडीएफही फुगतो. सांधे खिळ्यांवर भागवलेत की गोंद भरलाय, हे उदबत्ती सांगते. सीलबंद बॉक्समध्ये 30 हर्ट्झ वाजवत ती सांध्यांवरून आणि टर्मिनलवरून फिरवा. धूर उडाला तिथे गळती.

“2000 वॉट” अ‍ॅम्पचे फ्यूज बघा. 25 अँपिअरचे दोन असतील तर 50 गुणिले 13.8 म्हणजे 690 वॉट आत जातात; क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असला तरी बाहेर साधारण साडेपाचशेच येतात. पॉवर वायर चाकूने खरवडा. तांबडा मुलामा जाऊन पांढरं दिसलं, तर तांब्याच्या भावात अ‍ॅल्युमिनियम दिलंय. बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत फ्यूज नसेल तर गाडी तशी बाहेर काढू नका.

बॉक्स घट्ट बांधलेला हवाच. 15 किलोचं धूड जोरात ब्रेक मारल्यावर सीटवर येतं. पण तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठे आहे ते मिस्त्रीने तुमच्यासमोर बघावं. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या पट्ट्यांना बॉक्स टांगू देऊ नका आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेल एवढी जागा सोडा. स्टेपनी बॉक्स न उचलता निघते का, तेही तिथेच काढून बघा.

पैसे शेवटी द्यायचे, आणि पक्क्या बिलावर निव्वळ लिटर, लाकडाचा प्रकार-जाडी, आरएमएस वॉट (सतत मिळणारी ताकद) आणि वायरचा धातू लिहून घ्यायचा. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करताना हेच चार शब्द हाताशी लागतात. “फुल सिस्टीम फिटिंग” लिहिलेल्या चिठ्ठीवर काही सिद्ध करणं अवघड जातं.