आयसलमेरवर शिडांच्या जहाजातून पाच दिवस

नागपुरातून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि अंबाझरीच्या तलावापलीकडे आमच्यापैकी बहुतेकांचा पाण्याशी संबंध आलेला नव्हता. तरीही यंदा मे महिन्यात धरमपेठ आणि प्रतापनगर भागातील आम्ही चौदा जणांनी नेदरलँड्समधील एक जुने शिडाचे जहाज पाच दिवसांसाठी पूर्ण भाड्याने घेतले आणि आयसलमेर सरोवरावर व त्याच्या आसपास फिरत एंकहाउजन, स्ताव्होरन, मेडेम्ब्लिक व होर्न ही बंदरे पाहिली. येथील ज्या प्रवास संस्थेने ही सहल विकली तिने ती ‘क्रूझ’ म्हणून विकली, आणि माझी पहिली तक्रार त्या शब्दाबद्दल आहे. या जहाजावर वाढपी नाहीत. चालक म्हणजे तांडेल आणि त्याचा एक सहायक. उरलेले सर्व हात प्रवाशांचे.

जहाज सुमारे शंभर वर्षांपूर्वी माल वाहण्यासाठी बांधलेले, पोलादी, दोन डोलकाठ्यांचे आणि सपाट तळाचे आहे. उथळ पाण्यात चालण्यासाठी तळ सपाट ठेवतात, परंतु असे जहाज वाऱ्याने आडवे घसरते. ते रोखण्यासाठी दोन्ही कुशींना पंख्याच्या आकाराच्या भक्कम फळ्या टांगलेल्या असतात आणि वारा ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूची फळी पाण्यात सोडतात. कोकणच्या खाड्यांत शिरता यावे म्हणून मराठ्यांची गलबतेही उथळ तळाची असत, हे मला तेथे सारखे आठवत होते.

मुख्य शीड उभारणे हा या सहलीचा खरा ऐवज आहे. शिडाच्या वरच्या कडेला एक तिरका वासा असतो. त्याचे डोलकाठीकडील टोक एका दोराने आणि बाहेरचे टोक दुसऱ्या दोराने वर जाते, आणि दोन्ही गट सारख्या वेगाने ओढत नसतील तर वासा अडकतो. पहिल्या सकाळी तो तीनदा अडकला. तांडेलाने न रागावता तिन्ही वेळा शीड खाली घ्यायला लावले, आणि चौथ्या वेळी ते फडफडून ताठ झाले तेव्हा इंजिन बंद झाले व फक्त पाण्याचा आवाज उरला. त्या क्षणासाठी मी सर्व पैसे पुन्हा देईन.

आयसलमेर पूर्वी समुद्राचाच भाग होते. 1932 मध्ये 32 किलोमीटर लांबीचा बांध पूर्ण झाला आणि त्याचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. पाणी उथळ असल्यामुळे लाटा आखूड व उभ्या उठतात. स्ताव्होरनहून मेडेम्ब्लिककडे जाताना वारा समोरून होता, म्हणून नागमोडी जावे लागले आणि प्रत्येक वळणाला त्या फळ्या आलटून पालटून उचलाव्या लागल्या. स्ताव्होरनच्या बंदरात एका व्यापारी स्त्रीचा पुतळा आहे. जगातील सर्वांत मौल्यवान वस्तू आण, असे तिने जहाजाच्या कप्तानाला सांगितले आणि त्याने गहू आणल्यावर तो समुद्रात ओतायला लावला, म्हणून ती कंगाल झाली, अशी तेथील दंतकथा आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत वाढलेल्या आमच्या मंडळींना ती लगेच आपली वाटली.

होर्नला जाताना एंकहाउजनजवळ जहाज एका अशा जलपाशातून (दरवाजे लावून पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या कालव्यातून) गेले, ज्याच्या खालून मोटारींचा रस्ता जातो; ही रचना 2003 पासून वापरात आहे. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी दोन होर्न आणि एंकहाउजन येथे होत्या. वेंगुर्ल्याची वखार याच कंपनीची. होर्नच्या चौकात कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याचा पुतळा उभा आहे. 1621 मध्ये जायफळाच्या व्यापारासाठी आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर त्याने केलेल्या कत्तलीचा उल्लेख असलेला फलक आता तेथे लावलेला आहे. गोदामांच्या सुंदर दर्शनी भिंती पाहण्यापूर्वी तो वाचावा, असे मला मनापासून वाटते.

खोल्या अगदी लहान आहेत, बिछाने एकावर एक आहेत, स्वच्छतागृहे सामाईक आहेत आणि खाली उतरण्याचा जिना इतका उभा आहे की गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करूनच जावे. नागपूरच्या मे महिन्यातून गेलेल्यांना डेकवरील वारा बोचतो. लोकरी टोपी आणि वारा अडवणारे जाकीट आवश्यक आहे. स्वयंपाक आपणच करायचा असतो. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत म्हणून तूप घरीच ठेवले, पण तूरडाळ, बेसन आणि भिवापुरी मिरचीचे तिखट सोबत होते. जहाजाच्या प्रशस्त स्वयंपाकघरात केलेला गोळाभात तांडेलाने दोनदा मागून घेतला.

प्रवास संस्थेच्या कागदावर प्रत्येक तारखेपुढे बंदराचे नाव छापलेले होते, आणि वाऱ्यामुळे दुसऱ्याच दिवशी क्रम बदलला तेव्हा आमच्यातील दोघे नाराज झाले. यात दोष जहाजाचा नाही. कोणत्या बंदरात जायचे हे तेथे रोज सकाळी वारा पाहून ठरते, आणि ही बाब पैसे घेण्यापूर्वी सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होते. बंदरशुल्क, किराणा आणि बिछान्याच्या चादरी भाड्यात धरलेल्या आहेत का, हेही आधी लेखी विचारून घ्यावे. आम्हाला तिन्हींचे पैसे एंकहाउजनच्या धक्क्यावर वेगळे द्यावे लागले.