३४ वरून ३० इंचांवर: शॉर्ट स्केल बेसवर काढलेला हंगाम

सांगली-मिरजेच्या ऑर्केस्ट्रांत बेस, म्हणजे खर्जाचे स्वर देणारी गिटार, म्हटलं की ३४ इंची गिटारच दिसते. माझीही तीच होती. गणपतीच्या तोंडावर ३० इंची शॉर्ट स्केल घेतली आणि नवरात्र, लग्नसराई तिच्यावरच वाजवली.

स्केल म्हणजे नटपासून (खुंट्यांकडची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांचा खालचा टेकू) तारेची मोकळी लांबी. चार इंचांनी काय होतंय, असं वाटतं खरं, पण नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) मोठ्या गिटारीवर १७८ मिमी भरतात आणि छोटीवर १५७. माझा पंजा लहान आहे. गायिकेने सफेद चार (पेटीची चौथी पांढरी पट्टी, म्हणजे एफ) मागितली की तो सापडतो जाड तारेच्या पहिल्याच फ्रेटवर, जिथे अंतरं सगळ्यात मोठी. तिथे ३४ वर मी डबल बेसवाल्यांसारखी अनामिका आणि करंगळी जोडीने एकच बोट म्हणून वापरते. ३० वर चार फ्रेटला चार बोटं सरळ बसतात. तासभर वाजवूनही मनगट दुखत नाही, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

डावा हात लवकर रुळला. वेळ घेतला तो उजव्याने, आणि याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावली तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ३० इंचांवर सुमारे २२ टक्के कमी. ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, सैल लागते. ३४ वरच्या सवयीने जोरात छेडली की सूर क्षणभर चढतो आणि तार फ्रेटवर खरखरते. मी बोटं ब्रिजकडे सरकवली, हात हलका केला, अ‍ॅम्पचा आवाज वाढवला. शिवाय थोडा जाड, फ्लॅटवाउंड (सपाट गुळगुळीत वेढ्यांच्या तारांचा) संच लावला. संच शॉर्ट स्केलचाच घ्या. लांब तार कापून बसवली तर जाड भाग खुंटीवर नीट वळत नाही. इथल्या दुकानात मला तो मिळाला नाही, ऑनलाइन मागवला.

लांबी आणि खर्जाचं नातं मिरजेच्या तंबोऱ्यांतही दिसतं: पुरुषी पट्टीचा मोठा, बायकी आखूड.

आवाज गोल, भरीव, लवकर विरणारा. जुन्या भावगीतांना आणि मेलडीला फार सुंदर बसतो, बंद सभागृहात तर मला ३४ पेक्षा हाच आवडतो. मात्र मंडळाच्या मोकळ्या मांडवात, ढोलकी आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) जोरात असताना स्वराची कड हरवते. तिथे मी अजूनही ३४ नेते.

एकाच कार्यक्रमात दोन्ही वाजवायच्या असतील तर साउंडचेकला पहिल्या पाच फ्रेटवर बोर्डाकडे न बघता सावकाश चढ-उतार करा. ३० वरून ३४ वर गेलं की बोट फ्रेटच्या बरंच मागे पडतं आणि सूर खरखरतो. उलट जाताना ते फ्रेटच्या धातूवरच पडतं आणि आवाज दबतो. कानाला हे लगेच कळतं, हात मागोमाग सुधारतो. दांडीवरच्या खुणेच्या ठिपक्यांवर नजर ठेवून ही सवय माझ्यात आली नाही.

पाच तारांची हवी असेल तर मात्र ३० इंचीच्या वाटेला मी जाणार नाही. पाचव्या, सगळ्यात जाड तारेचा खालचा बी स्वर जेमतेम ३१ हर्ट्झचा. त्याला ताण हवा, म्हणून ३४ किंवा ३५ इंचीच बघा.