शहापुरातील रंगाचे दुकान आणि आमच्या घरातली ओल

धाकट्या बहिणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले, तेव्हा बेळगावच्या शहापुरातील आमच्या आजोबांच्या वेळच्या घराची रंगरंगोटी करणे आणखी पुढे ढकलता येणार नाही हे सर्वांनाच कळून चुकले. घर कौलारू, भिंती जांभ्याच्या दगडाच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या, पुढे सोपा, मध्ये माजघर आणि मागे नंतर वाढवलेली स्लॅबची एक खोली. हाताशी रक्कम होती ५५ हजार रुपये. एका ठेकेदाराने घर पाहून १ लाख ४० हजारांचा अंदाज दिला होता आणि त्यात सोप्याला खोटे छत व एका भिंतीला टेक्श्चरही धरले होते. त्यानंतर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही याच भागातील एका जुन्या रंगाच्या दुकानात गेलो. साहित्य विकणे, मोजमाप घेणे आणि आपल्या माहितीतले कारागीर पाठवणे अशी तिन्ही कामे हे दुकान करते. पुढे एक तक्रारही लिहायची असल्याने दुकानाचे नाव देत नाही, पण अनुभव जसा आला तसा सविस्तर लिहितो.

दुकानाच्या मालकांनी रंगाचे कार्ड उघडण्याआधी घर पाहायला येतो असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच आले. माजघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला, नखाने जुना रंग खरवडला, तेव्हा आतून मिठासारखी पांढरी भुकटी खाली पडली. भिंतीला लोणा लागला होता. आठ वर्षांपूर्वी याच भिंतीला आम्ही तीन फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता आणि ओल थांबली अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात तो गिलावा जिथे संपतो, त्याच्या वरच्या बाजूला पोपडे सुटत होते. जांभा पाणी शोषणारा दगड आहे, सिमेंटमुळे भिंतीला तेथून श्वास घेता येईना, म्हणून पाणी आणखी वर चढून जिथे वाट मिळाली तिथे बाहेर पडले, असे त्यांनी समजावून सांगितले. "या भिंतीवर इमल्शन मारून दिलं तर लग्नापर्यंत छान दिसेल, पण पुढच्या आषाढात तुम्हीच मला बोल लावाल. आधी पाणी कुठून येतंय ते बघा, रंग पळून जात नाही," हे त्यांचे शब्द होते. स्वतःची विक्री कमी करणारा हा सल्ला एका विक्रेत्याने द्यावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

पाण्याचे मूळ सापडले ते वर. पश्चिमेच्या वळचणीची पन्हळ गंजून फुटली होती आणि पागोळ्यांचे सगळे पाणी जोत्यापाशी साचत होते. बेळगावचा पाऊस सह्याद्रीकडून येतो आणि चार महिने हीच बाजू झोडपतो, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक असूनही पन्हळीकडे कोणी पाहिले नव्हते. कौले चाळून घेणे, नवी पन्हळ आणि जोत्यालगतचा सिमेंटचा थर काढून टाकणे यांवर ९ हजार रुपये खर्च झाले. त्यानंतर भिंत वाळण्यासाठी मालकांनी तीन आठवडे थांबायला लावले. लग्नघरात हे थांबणे सोपे नव्हते, आई दर दोन दिवसांनी भिंतीला हात लावून पाहत असे.

माजघराच्या त्या भिंतीला आणि सोप्याच्या दोन भिंतींना त्यांनी चुन्याचीच शिफारस केली. कारागिरांनी चुनकळी मागच्या अंगणात पिंपात विरवली, चार दिवस मुरू दिली, फडक्यातून गाळली आणि त्यात डिंकाचे पाणी व चिमूटभर नीळ घातली. भिंत आधी पाण्याने ओलसर करून त्यांनी पहिला हात मारला, तेव्हा काहीच झाकले गेले नाही असे वाटून मी नाराज झालो होतो. चुना ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, दुपारनंतर वाळत गेला तशी भिंत हळूहळू पांढरी होत गेली, आणि तिसऱ्या हातानंतर त्या अंधाऱ्या माजघरात दिवसा दिवा लावण्याची गरज उरली नाही. चुन्याचा दोषही सांगितला पाहिजे. पाठ टेकली तर अजूनही सदऱ्याला थोडा पांढरेपणा लागतो, म्हणून सोप्यातला बाक आम्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवला आहे.

स्लॅबच्या कोरड्या खोलीला मात्र इमल्शनच घेतले, आणि तेथे दुकानाच्या मोजमापाचा फायदा झाला. पुष्कळ ठेकेदार चटईक्षेत्राच्या साडेतीन पट असा ठोकताळा लावून भिंतींचे क्षेत्रफळ काढतात आणि दारे-खिडक्या वजा करत नाहीत. यांनी टेप लावून मोजले. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली, म्हणजे चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, त्यातून दार व दोन खिडक्या वजा जाता सुमारे ३९० चौरस फूट. लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या भिंतीवर दोन हातांना एक लिटर रंग साधारण १२० चौरस फुटांना पुरतो, या हिशेबाने चार लिटरचा एक डबा पुरेल असे त्यांनी सांगितले.

रंग निवडताना आईने तिची एक जुनी, वडगावच्या मागावर विणलेली सुती साडी पिशवीतून नेली होती, कारण तिचेच पडदे शिवायचे ठरले होते. मालकांनी साडीचा काठ दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता दाराबाहेर उन्हात धरला, मग कार्डावरील चार छटा त्याच्याशेजारी लावून पाहिल्या आणि फिकट हळदी छटा सुचवली. ती छटा पुठ्ठ्यावर लावून त्यांनी घरी पाठवली आणि सकाळी व संध्याकाळी खोलीत धरून पाहा, मगच कळवा, असे सांगितले.

आता तक्रार. हिशेब भिंतींचा बरोबर होता, परंतु खिडक्यांच्या कोनाड्यांचा धरलेला नव्हता, त्यामुळे डबा संपला आणि पाच दिवसांनी त्याच छटेचा आणखी एक लिटर मागवावा लागला. तो वाळल्यावर किंचित गडद दिसला, खिडकीजवळ पट्टा उठून दिसू लागला. दुकानाने आधी ते मान्य केले नाही, मी भिंतीचा तुकडा खरवडून नेल्यावर नवा डबा विनामूल्य मिळाला, पण कारागिरांचे दोन दिवस वाया गेले आणि त्या दिवसांची मजुरी आम्हीच दिली. मिसळलेला रंग परत घेतला जात नाही ही अटही बिलावर कोठे छापलेली नव्हती. पक्के बिल, १८ टक्के जीएसटीसह, आम्ही मागून घेतले होते, म्हणून निदान वाद पुढे नेता आला. एका भिंतीसाठीचे सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करून घ्यावेत, ही गोष्ट दुकानानेच सांगायला हवी होती.

कारागिरांविषयी मात्र बोलण्यासारखे चांगलेच आहे. मेस्त्री कन्नडभाषक होते, आईला 'अक्का' म्हणत, आणि आपल्या बेळगावी मराठीत प्रत्येक कामाआधी कारण सांगत. सागवानी चौकटीवरचा जुना तेलरंग त्यांनी काढला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याच्या लाखेचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने दिले. ती चौकट लहानपणापासून आम्ही हिरवीच पाहिली होती, तिच्यावरचे कोरीव वेल त्या दिवशी प्रथम दिसले. सोप्यातला लाल कोबा फोडून टाइल्स बसवण्याचा विचारही त्यांनीच सोडायला लावला, नुसते घासून खोबरेल तेलाचा हात दिल्यावर तो आरशासारखा झाला.

साहित्य १६,८५० रुपये, दोन कारागिरांची बारा दिवसांची मजुरी दिवसाला ९०० प्रमाणे २१,६००, पडद्यांची शिलाई १,४०० आणि छपराचे ९,००० धरून एकूण ४८,८५० रुपये खर्च झाले. शिलकीच्या ६,१५० रुपयांतून आईने स्वयंपाकघरात कडप्प्याची एक फळी बसवून घेतली. मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीचे काम पुढच्या वर्षी करायचे आहे, आणि ते याच दुकानाला देणार आहोत, फक्त या वेळी अटी आधी कागदावर लिहून घेऊ.