पॉकेट ४के की एफएक्स३०? एकट्याने कामं घेणाऱ्यांसाठी

लग्नं, कारखान्यांच्या फिल्म, मध्येच एखादं कीर्तन अशी कामं घेणारा आणि सोबत फार तर एक मदतनीस असणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ४के हा व्हिडिओ कॅमेरा मी तीन सीझन वापरला. मग सोनी एफएक्स३० घेतला, आणि आज रोजच्या कामाला तोच हातात असतो. तरी पॉकेट विकलेला नाही, तोही कामाला येतो.

चित्र मला आजही पॉकेटचंच जास्त आवडतं. हळदीच्या फुटेजवर रंगाचं काम करताना हे लगेच कळतं. गालावरची ओली हळद, सुकत आलेली हळद आणि मागचा झेंडूचा पडदा, हे तिन्ही पिवळे रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या जवळजवळ कच्च्या डेटात, वेगवेगळे राहतात. एफएक्स३०च्या एस-लॉगमध्येही (नंतर रंग करण्यासाठीचं सोनीचं फिकं प्रोफाइल) ते जमतं, पण एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स जागेवरच नीट धरावा लागतो. शिवाय पॉकेटसोबत दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंगच्या आणि रंगाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स येतं, पाच इंची स्क्रीन येते, आणि मिनी एक्सएलआर हे व्यावसायिक आवाजाचं सॉकेट बॉडीवरच असल्यामुळे कीर्तनाला मिक्सरची लाइन थेट घेता येते. एफएक्स३०ला त्यासाठी एक्सएलआर सॉकेटवालं हँडल वेगळं घ्यावं लागतं. २०१८ साली पॉकेट १,२९५ डॉलरला आला आणि २०२२ साली एफएक्स३०ची नुसती बॉडी १,७९९ला. कागदावर हा फरक मोठा दिसतो.

पण पॉकेट नुसता वापरता येत नाही. आत एलपी-ई६ बॅटरी बसते आणि ती माझ्याकडे जेमतेम पाऊण तास टिकायची. म्हणून केज, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची धातूची चौकट, मागे प्लेट, प्लेटवर व्ही-माउंट ही मोठी बाहेरची बॅटरी, तिच्यापासून कॅमेऱ्याला केबल. वर फुटेज साठवणाऱ्या एसएसडीचा क्लॅम्प आणि त्याची यूएसबी केबल. हे सगळं जोडेपर्यंत किमतीतला बराचसा फरक भरून निघतो, आणि संध्याकाळी मनगट बोलायला लागतं ते वेगळंच.

वजन मी सहन केलं असतं. माझा निर्णय त्या केबलने केला.

व्ही-माउंटकडून येणारी केबल कॅमेऱ्याच्या बाजूला लॉक होते. बॅटरीच्या बाजूला मात्र डी-टॅप नावाचा प्लग असतो आणि तो नुसता दाबून बसवायचा. एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तशी माणसं अक्षता घेऊन पुढे सरकली. त्या गर्दीत कुणाच्या तरी उपरण्यात केबल अडकली आणि डी-टॅप अर्धवट निघाला. कॅमेरा बंद पडला नाही, तो गुपचूप आतल्या बॅटरीवर गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यातली खूण बदलली असणार, पण माझी नजर अंतरपाटावर होती. आतली बॅटरी जुनी, दुकानातून घेतलेली बिनकंपनीची. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं आणि स्क्रीन काळी. केबल चाचपून दाबेपर्यंत आणि कॅमेरा पुन्हा उठेपर्यंत अंतरपाट बाजूला झाला होता, एक हार गळ्यात पडलाही होता. दुसऱ्या कोनातून मदतनिसाचा कॅमेरा चालू होता म्हणून पार्टीला ते कळलं नाही. मला मात्र त्यानंतर प्रत्येक लग्नात दर दोन मिनिटांनी डाव्या हाताने केबल चाचपायची सवय लागली. ज्या हाताने फोकस ओढायचा, तोच हात.

यावर उपाय आहेत. केबल केजला क्लॅम्प करा, डी-टॅपवर टेप मारा, आतली बॅटरी चांगल्यातली ठेवा. मी तिन्ही केले आणि त्रास बराच कमी झाला. पण मनातली धास्ती गेली नाही.

एफएक्स३०मध्ये एनपी-एफझेड१०० आत टाकली की माझा दीड तास सहज निघतो. लग्नाला चार बॅटऱ्या खिशात ठेवतो आणि विधींच्या मधल्या वेळात बदलतो. बॉडीलाच स्क्रूची भोकं असल्याने केज नसतानाही हँडल बसवता येतं. तीन इंची स्क्रीन दुपारच्या उन्हात दिसत नाही हे खरं, म्हणून वर छोटा मॉनिटर लावतो, आणि एक एचडीएमआय केबल इथेही आलीच. फरक एवढाच की ती निसटली तर मॉनिटर बंद होतो, रेकॉर्डिंग चालूच राहतं.

ऑटोफोकस आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनबद्दल फार लिहीत नाही. पॉकेटमध्ये सलग चालणारा ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझेशन नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. वरातीत उलटं चालत शूट करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. स्टोरेजचं मात्र आधी गणित करा. पॉकेटवर ८:१ रॉ (साधारण आठपट दाबलेला) घेतला तर २५ फ्रेमला तासाला साधारण दीडशे जीबी जातात, एफएक्स३०च्या दहा-बिट ४के फाइलला साठेक. दोन दिवसांचं लग्न आणि दोन ठिकाणी बॅकअप म्हटलं की हार्ड डिस्कचं बिल वेगळं निघतं.

तुमचं काम बसून घेतलेल्या मुलाखतींचं, जाहिरातींचं किंवा शॉर्टफिल्मचं असेल, ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणता येत असेल आणि फोकसला वेगळा माणूस असेल, तर वापरलेला पॉकेट चांगल्या स्थितीत मिळाला तर जरूर बघा. त्या पैशात तसं चित्र मिळणं कठीण, असं माझं मत आहे. मीही कारखान्यांच्या मुलाखती अजून त्याच्यावरच करतो, ट्रायपॉडवर, भिंतीतल्या प्लगवर. लग्नाच्या तारखा घ्यायच्या असतील तर मी थोडे थांबून, पैसे जमवून एफएक्स३० घ्या म्हणेन.

दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी आत एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा फिल्टर, नाही. तेव्हा बॉडीनंतरचा पहिला खर्च चांगल्या व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या) एनडीवर करा, मॉनिटर पुढच्या सीझनला आला तरी चालतो.